'हिंदू' : शेवटपर्यंत वाचलेल्या गिऱ्हाइकाचा अभिप्राय

आधी वस्तूबद्दल सांगतो, कारण पैसे मोजणाऱ्याला तेच आधी लागतं. भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही कादंबरी म्हणजे सहाशेच्या आसपास पानांचा ऐवज आहे. उताणं पडून वाचायचं म्हणाल तर जमत नाही, मनगट भरून येतं. मांडी घालून, पुढ्यात उशी घेऊन बसावं लागतं. माझी प्रत अर्ध्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, फिरून आली. एकानं तिच्यावर चहाचा कप ठेवला, एक जण ती तुरीच्या थप्पीवर उन्हात विसरून घरी गेला, तरी शिवण उसवली नाही. बांधणीला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

मी उदगीरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम आहे. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या लिहायच्या, तोलाई-हमाली लावायची, संध्याकाळी रोकड जुळवायची, हे माझं काम. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे येतं, तूर संक्रांतीनंतर, आणि उन्हाळा लागला की दुपारी मोंढ्यात चिटपाखरू नसतं. माझं वाचन त्या दुपारचं. एप्रिल 2022 मध्ये आमच्या गावात 95वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात मी ही कादंबरी घेतली. साहित्य संमेलन हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असं ज्या लेखकानं म्हणून ठेवलंय त्याचं पुस्तक संमेलनातच घेतलं, याची मला गंमत वाटली. गाळ्यावरच्या पोराला बोलून दाखवलं, तर तो घाम पुसत म्हणाला, "काका, शिव्या देणाऱ्याचंच जास्त जातंय."

पुस्तक दुकानात गादीवर ठेवल्यापासून मला एक गोष्ट कळून चुकली. नेमाड्यांबद्दल माणसाचं मत पुस्तक उघडायच्या आधीच तयार असतं. आमचे शेठ नाव वाचून खूश झाले. "हिंदू? आपलंच की मग. वाचून झालं की मला द्या." मी म्हणालो, आधी तुम्हीच वाचा. आठवड्यानं त्यांनी परत आणून दिलं. "मुनीमजी, ह्यात लई काय काय हाय, पण आपल्या कामाचं काई नाई." त्यांना अभिमानाचं पुस्तक हवं होतं आणि हातात आला मोहेंजोदडोचा उकिरडा उकरणारा पोरगा. वैदिक, जैन, बौद्ध, महानुभाव, मुसलमान, आदिवासी, भटके हे सगळेच ह्या देशात एकावर एक साचत गेले, कुणी कुणाला पुरतं पुसलं नाही, असं मानणारा. त्यानंतर दोन-चार दिवसांनी आमच्या ओळखीचे एक गुरुजी आले. पक्के पुरोगामी माणूस, चळवळीतले. त्यांनी मुखपृष्ठ बघितलं आणि चष्मा वर सरकवला. "काय वाचलालाव मुनीमजी? तुमीबी तिकडं गेलाव का?" मी पुस्तक त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी हात लावला नाही. शेठला ज्या नावाचा आनंद झाला, गुरुजींना त्याच नावाची शिसारी आली.

आत काय आहे ते थोडक्यात सांगतो. खंडेराव हा खानदेशातल्या मोरगावचा, शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. शिकून पुरातत्त्वात गेलेला. पुरातत्त्वज्ञ सांकळियांच्या हाताखाली मोहेंजोदडोच्या उत्खननावर असताना त्याला बाप अत्यवस्थ असल्याची तार येते आणि तो पाकिस्तानातून गावाकडं निघतो. वाटेत आणि घरी पोचल्यावर घर, भाऊबंद, गावातल्या जाती, येणारे-जाणारे, मेलेले-जिवंत असे सगळे त्याच्या डोक्यात उसळत राहतात. एवढीच कथा. एका दमात सांगण्यासारखं कथानक शोधत बसाल तर पन्नासाव्या पानावर पुस्तक मिटाल, आणि बरेच जण मिटतात. परत आलेल्या प्रतीत खुणेच्या चिठ्ठ्या कुठं अडकल्यात ते मी बघतो. एक जुनी हिशेबपट्टी होती, एक बसचं तिकीट होतं. दोन्ही पहिल्या शंभर पानांतच.

मला मात्र ह्या पुस्तकानं धरून ठेवलं ते बापाच्या मरणानं. म्हणजे रडारडीनं नव्हे, तर बाप गेल्यावर शेतीचं काय, ह्या प्रश्नानं. शिकलेल्या पोराला शेत नको असतं, आणि शेत सोडूनही देववत नाही. हे मी गादीवर बसून दर हंगामाला बघतो. मागं देवणीकडचा एक तरुण सोयाबीन घेऊन आला. पुण्यात कुठल्याशा कंपनीत कामाला होता. बाप पावसाळ्यात वारला, राशी चुलत्यानं करून दिली होती. काटा झाला, लिलाव झाला, ओलावा जास्त म्हणून खरेदीदारानं भाव पाडला, ते सगळं तो मुकाट बघत राहिला. मी पट्टी करायला घेतली आणि विचारलं, नाव काय लावू? तो गप्प. फेरफार झाला नव्हता, सातबारा बापाच्याच नावावर. मग म्हणाला, "दरसाल ज्यांच्या नावानं काढता त्यांच्याच नावानं काढा." मी काढली. सही करायला जागा दाखवली तर त्यानं आधी बापाची सही काढायला सुरुवात केली, मग थांबला, खोडलं, आणि बाजूला स्वतःची केली. पैसे मोजून न घेताच खिशात घातले.

'हिंदू'तला खंडेराव मला त्या पोरासारखा कळला. प्राध्यापक लोक देशीवाद, संस्कृती, बहुविधता असले शब्द काढतात. त्यांचं त्यांना ठाऊक. मला त्यातला वारसदार कळला, आणि तो इतका नेमका मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेला मी वाचलेला नाही.

आता समीक्षकांबद्दल. आमच्या भागातल्या महाविद्यालयात मराठी शिकवणारे एक सर अधूनमधून दुकानात येऊन बसतात. नेमाड्यांवर बोलायला लागले की त्यांना चहा गार झालेला कळत नाही. त्यांच्याकडून आणि इकडून तिकडून वाचून जे समजलं ते असं. त्यांची पहिली कादंबरी 'कोसला' 1963 साली आली तेव्हा लेखक 25 वर्षांचा होता. पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं छापली. पंधरवड्यात लिहून काढलेली कादंबरी. काहींनी कपाळाला हात लावला, ह्याला कादंबरी म्हणायचं का, नायक करतो काय तर काहीच नाही. आणि काही पोरांनी पानंच्या पानं पाठ केली. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द वसतिगृहांतून इतके घासले गेले की त्यांचा कंटाळा यावा. पुढं तेव्हाच्या औरंगाबादेत बाबा भांडांनी 'कोसलाबद्दल' नावाचं अख्खं पुस्तक संपादित केलं. एका कादंबरीवर दुसरं पुस्तक निघावं, एवढं भांडण त्या लहानशा पुस्तकानं लावलं.

मराठवाड्याचा ह्या माणसाशी संबंध जुना आहे. 'वाचा' हे अनियतकालिक औरंगाबादेतून निघायचं, ते नेमाडे चालवत. लेखकाचा 'लेखकराव' होतो म्हणजे काय होतं, हे ते तरुणपणीच लिहून मोकळे झाले. नंतर मराठवाडा विद्यापीठात ते इंग्रजी शिकवायला होते. 1975 पासून 1979 पर्यंत 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' अशा चार कादंबऱ्या आल्या. गावोगावच्या कॉलेजांतून बिऱ्हाड हलवत फिरणारा चांगदेव पाटील नावाचा मास्तर त्यांचा नायक. सर सांगतात की ह्या कादंबऱ्या प्राध्यापकांनी फार मन लावून वाचल्या, पण ह्यात आपण तर नाही ना, हे बघायला. मला हा वाचकवर्ग सगळ्यांत प्रामाणिक वाटतो.

आणखी एक मजा. जन्मभर समीक्षकांना झोडपणाऱ्या ह्या लेखकाला 1990 साली साहित्य अकादमी मिळाली ती कादंबरीला नाही, 'टीकास्वयंवर' ह्या समीक्षेच्या पुस्तकाला. सरांना मी हे म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "मारकुट्यालाच मॉनिटर करतात हो वर्गात." सर स्वतः समीक्षा लिहितात, त्यामुळं हसले नाहीत.

मग 'हिंदू'. 'झूल'नंतर तीस वर्षं लोक वाट बघत होते. 2010 च्या जुलैमध्ये आली. नवं पुस्तक निघाल्याची बातमी पहिल्या पानावर येते, असं मराठीत किती वेळा होतं? स्वागत झालं तेही दणक्यात आणि झोडपणी झाली तीही दणक्यात. एक म्हणे महाकादंबरी, दुसरा म्हणे नुसती अडगळ, नावातच कबूल केलंय. ह्या दुसऱ्या विनोदाचा आता वीट आलाय. जो तो आपल्यालाच सुचला अशा थाटात करतो.

2014 सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि मग हे, मराठीतले चौथे. ती बातमी आली त्याच सुमारास त्यांनी सलमान रश्दी आणि नायपॉल यांच्यावर तोंडसुख घेतलं, की हे पश्चिमेला रुचेल तसं लिहितात. रश्दींनी ट्विटरवर उलटं सुनावलं. किरकिरा म्हातारा म्हणून शेलक्या शिवीनं सुरुवात केली, बक्षीस मिळालंय तर नीट आभार मान म्हणाले, आणि ज्यावर बोलतोस ते वाचलंस तरी का, अशी शंका काढली. तेव्हा आमच्या टपरीवर पण ह्यावर दोन दिवस चर्चा होती. टपरीवरच्या एकानंही रश्दी वाचले नव्हते, आणि नेमाडे वाचणारा मी एकटा, तोही तेव्हा फक्त 'कोसला'पुरता.

इंग्रजी शाळांबद्दल नेमाडे बोलतात तेव्हाही तसंच. "जन्मभर इंग्रजी शिकवून पगार घेतला आन् आता आमच्या लेकरानं इंग्रजी शिकू नये म्हणतंय", असं ज्यांची लेकरं इंग्रजी शाळेत आहेत ते सगळे म्हणतात. माझाही नातू तिथंच आहे. त्याला 'एकोणसाठ' म्हणजे किती ते कळत नाही, 'फिफ्टी नाइन' सांगावं लागतं. तेव्हा म्हाताऱ्याचं सगळंच चुकतंय असं मला म्हणवत नाही. असो.

सांगायचं ते हे. मोंढ्यात पोत्यात टोकदार नळी खुपसतात, मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि त्यावर अख्ख्या गाडीचा भाव ठरवतात. नेमाड्यांच्या बाबतीत ती नळी पोत्यात जातच नाही. गाडीवाला काय ओरडतो त्यावर बोली लागते. चढी लावणारे त्यावरच लावतात आणि पाडणारेही त्यावरच.

आणि तरी ज्याला ह्या पुस्तकाबद्दल राग धरायचा खरा हक्क होता, त्यानंच ते पूर्ण वाचलं. ते सांगतो.

उदगीर-जळकोट-अहमदपूर ह्या पट्ट्यात बंजाऱ्यांचे, म्हणजे लमाणांचे, तांडे पुष्कळ आहेत. 'हिंदू'त लमाण बायांविषयी जे लिहिलंय त्यावरून बंजारा समाजातून आक्षेप घेतला गेला, पोलिसांत तक्रार गेली, हे पेपरात येऊन गेलेलं. त्या मजकुराच्या पानाचा फोटो मोबाइलवर फिरायचा. आमच्याकडं माल घालणाऱ्या एका घरातला पोरगा, बी.एड. झालेला, नोकरी नाही म्हणून बापाबरोबर येणारा, एक दिवस गादीपाशी येऊन उभा राहिला. "मामा, ते पुस्तक तुमच्याकडं हाय म्हणं." शेठनी मला खुणावलं, देऊ नका, उगं भानगड नको. मी पोराकडं बघितलं. तो भांडायला आलेला नव्हता, चप्पल बाहेर काढून आला होता. मी दिलं.

पुढचे कितीतरी दिवस तो आला नाही. प्रत गेली म्हणून मी मनाची तयारी केली. मग तुरीच्या वेळेला आला, पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. योगायोगानं सरही बसलेले होते. त्यांना विषय कळला आणि ते समजावून सांगायला लागले, की कादंबरीत लेखक बोलत नाही, पात्र बोलतं, त्या काळातला गावगाडा जसा बघायचा तसं लिहिलंय, ते लेखकाचं मत धरायचं नसतं. पोरानं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मी सगळं वाचलो. पुस्तक लई मोठं हाय. कुणब्याच्या घरातलं सगळं घरात बसून लिवलंय. त्यांचा बाप मेला तवा मलाबी रडू आलं. आमचं मात्र बांधावर उभं राहून लिवलंय. बांधावरून जेवढं दिसतंय तेवढंच."

सर म्हणाले, मुद्दा चांगला आहे, पण. त्या 'पण'च्या पुढं त्यांना काही आठवलं नाही. शेठनी विचारलं, मग बंदी घालावी म्हणतोस का? पोरगा म्हणाला, "बंदी घालून काय हुतंय? फोटो फिरायलालाच हाय. आमच्यातल्या कुणीतरी एवढंच जाड लिवावं, तवा बराबर होईल." बापानं बाहेरून हाक मारली, काटा झाला होता. तो गेला.

मी त्या रात्री ती पानं पुन्हा वाचली. पोराचं खरं आहे. जो लेखक सगळ्या लोकांना एका छपराखाली घेतो म्हणून ह्या कादंबरीची थोरवी सांगितली जाते, त्याची नजर स्वतःच्या वाड्याच्या आत फार खोल जाते आणि वाड्याबाहेर पडली की पातळ होते. 'हिंदू'वर मी वाचलेल्या परीक्षणांत रचना, भाषा, नेमाड्यांचा इतिहास बरोबर की चूक, ह्यावर रकानेच्या रकाने आहेत. ही गोष्ट इतक्या सरळ कुणी सांगितलेली मला दिसली नाही. आणि ती सांगायला पानाचा फोटो पुरत नाही. आतलं किती आत आहे ते आधी कळावं लागतं, मग बाहेरचं किती बाहेर राहिलं ते कळतं.

माझ्या स्वतःच्या तक्रारी साध्या आहेत. खंडेराव विचार करतो तोवर ठीक, पण मित्रांच्या टोळक्यात वाद घालायला बसला की पुस्तकाचं प्राध्यापक होतं. तिथली पानं मी भराभर उलटली आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही. दुसरं म्हणजे ती महानुभाव पंथात गेलेली, पाकिस्तानात राहिलेली आत्या. माहूरपासून पैठणपर्यंत महानुभावांची ठाणी आमच्या मराठवाड्यात आहेत, त्यामुळं असेल, पण मला तिच्याबद्दल शंभर पानं जास्त चालली असती आणि सिंधू संस्कृतीबद्दल पन्नास कमी.

कुणी घ्यावं? पुरस्कारामुळं घेणाऱ्यानं घेऊ नये, शोकेसमध्ये ठेवायला जड आहे. नाव बघून घेणाऱ्यानंही घेऊ नये, तो कुठल्याही बाजूचा असो. नेमाडे कधीच वाचले नसतील तर आधी 'कोसला' घ्या. माझा पुतण्या पुण्यात सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय, त्याला मी ती पाठवली. त्यानं फोन केला, "काका, हे 1963 चं कसं असंल? हे आमच्याच खोलीतलं हाय." मेसचे पैसे, घरून आलेल्या पैशांचा हिशेब, बापाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव, सगळं त्याला ओळखीचं वाटलं. बहीण जाते तो भाग वाचून मात्र त्यानं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं, असं त्याच्या खोलीतल्या मित्रानं सांगितलं. 'कोसला' पचली तर मग 'हिंदू'ला हात घाला, आणि उन्हाळ्यातच घाला, हंगामात नको.

चांदण्या द्यायच्या तर पाचातल्या चार. पाचवी त्या बांधावरच्या पानांची कापली. हे चार भागांतलं पहिलंच पुस्तक, असं लेखकानं आधीच सांगून ठेवलंय. पुढचा भाग निघेल तेव्हा मी घेईन, कुणालाही न विचारता. शेठनीही सांगून ठेवलंय, नाव काय आहे ते बघून मग ठरवू.